शोधण्याचे पैसे

डॉक्टरांनी छातीला नळी लावली, जीभ बघितली आणि "काही नाही, दोन दिवस आराम करा" असं सांगितलं, तरी आपण तपासणीची फी मुकाट्याने काढून देतो. पण गाडीच्या म्युझिक सिस्टिममधला बिघाड कुणी अर्धा-पाऊण तास मीटर घेऊन शोधला आणि शेवटी एक बोल्ट आवळून दिला, की गिऱ्हाईक लगेच म्हणतं, "बोल्ट आवळायचे तीनशे रुपये?" माझं मत विचाराल तर या एका प्रश्नाने आपल्याकडची दुरुस्तीची विद्या जेवढी मारली, तेवढी स्वस्त परदेशी मालानेही मारली नसेल.

हे सगळं सुचायला कारण आमचा भाचा. (ताई, तू वाचते आहेसच, तेव्हा रागावू नकोस.) नोकरी चिकलठाणा एमआयडीसीत, रोजचा रस्ता जालना रोड, आणि गाडीत चार स्पीकर, डिकीत बूफर आणि त्याला अँप. तक्रार दोन प्रकारची. आवाज वाढवला की अँप बंद पडून लाल दिवा लागायचा, आणि मधूनच बॅटरीजवळचा फ्यूज उडायचा. वर्षभरात अँप बदलून झाला, बूफर बदलून झाला. तरी फ्यूज उडतोच म्हटल्यावर एका दुकानात साठ अँपिअरच्या जागी शंभरचा बसवून दिला. "मामा, आता उडत नाही," असं तो मोठ्या आनंदाने सांगत होता. माझ्या मात्र पोटात गोळा आला, कारण त्याच गाडीच्या मागच्या सीटवर त्याची तीन वर्षांची मुलगी बसते.

मंडळी, फ्यूज अँपला वाचवण्यासाठी नसतो, वायरला वाचवण्यासाठी असतो. गाडीची बॅटरी शॉर्ट झाली तर क्षणात शेकडो अँपिअर ओतू शकते. वायर जेवढं सोसते त्याहून मोठा फ्यूज लावला, तर आधी वायर तापते, मग तिचं प्लास्टिक, मग शेजारचं कार्पेट. म्हणूनच तो बॅटरीपासून फार तर दीड फुटावर असावा, असा दंडक आहे. फ्यूज सारखा उडतो म्हणजे तो काहीतरी सांगतोय. मोठा फ्यूज लावणं म्हणजे ओरडणाऱ्याचं तोंड दाबणं.

रविवारी गाडी लिंबाखाली लावून मीटर घेतलं. पहिला प्रश्न भाच्याला: "फ्यूज उडतो तो कधी?" आवाज मोठा असताना की केव्हाही? थोडा विचार करून तो म्हणाला, "खड्ड्यात किंवा स्पीडब्रेकरवर." वर्षभरात एकाही दुकानात त्याला हे कुणी विचारलं नव्हतं! अँपने जास्त करंट ओढला असता तर फ्यूज मोठ्या आवाजाला उडाला असता. खड्ड्यात उडतो, म्हणजे वायर कुठेतरी पत्र्याला घासते आहे. इंजिनकडून गाडीच्या आत वायर येते त्या भोकात रबरी बूच नव्हतं आणि वायरची साल सोलली गेली होती. शंभरच्या फ्यूजवर ही गाडी अजून किती दिवस धडधाकट राहिली असती, याचा विचार मी ताईसमोर केला नाही.

आता दुसरी तक्रार. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर 13.9 व्होल्ट मिळाले, म्हणजे अल्टरनेटर ठीक. एकसारखा सूर मोठ्याने वाजवत ठेवून अँपच्या टोकांवर मोजलं, तर जेमतेम 11.2. मधले 2.7 व्होल्ट गेले कुठे? मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी अँपच्या अर्थला लावली: 1.8. तसंच पॉझिटिव्ह ते पॉझिटिव्ह: 0.9. हिशेब जुळला. अर्थची वायर डिकीत रंगावरच एका छोट्या स्क्रूने डकवली होती. रंग खरवडून, उघड्या पत्र्यावर बोल्टने घट्ट बसवल्यावर 1.8 चा 0.1 झाला. पॉझिटिव्ह वायर दिसायला करंगळीएवढी, पण आत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियममधून वीज तांब्याच्या साधारण 60 टक्केच वाहते. ती सोललेली होतीच, म्हणून अस्सल तांब्याची टाकली, भोकाला रबर बसवलं आणि फ्यूज पुन्हा साठचा केला. जुना अँप कपाटातून काढून लावला, तर तोही छान वाजला. बिचारा निर्दोष होता :-)

गणित साधं आहे. खरोखरीचे 500 वॅट देणारा जुन्या पद्धतीचा अँप साधारण 60 टक्के कार्यक्षम धरला, तर 13 व्होल्टवर सुमारे 64 अँपिअर ओढतो. एवढ्या करंटला वाटेत ओहमचा शंभरावा भाग अडथळा आला, तरी साधारण 0.64 व्होल्ट तिथेच जातो. म्हणून अँप उघडण्याआधी जोड तपासायचे.

लाल दिवा लागला तर आधी स्पीकरच्या वायरी सोडवा. दिवा गेला तर दोष स्पीकरमध्ये किंवा त्याच्या वायरीत. एकेक जोडत जा, चोर सापडतो. नाही गेला तर स्टिरिओकडून येणारी केबल काढा. तरीही दिवा तसाच, आणि व्होल्टेज नीट असेल, तरच अँप टेबलावर न्यायचा. ॲक्सिलरेटरबरोबर चढत जाणारी कुईऽऽ ऐकू आली तर अर्थ बघा आणि सिग्नलची केबल पॉवरच्या वायरीपासून लांब न्या. आपल्याकडच्या मे महिन्यात, बाहेर चाळीसच्या वर पारा असताना, बंद डिकीत कार्पेटखाली कोंबलेला अँप अर्ध्या तासाने बंद पडला आणि निवल्यावर पुन्हा चालला, तर त्याला हवा हवी आहे, नवा भाऊ नको.

असो. एवढं सोपं असताना दुकानात का होत नाही? "सगळे लुटारू" हे उत्तर मला मान्य नाही. त्या मुलांशी बोललो की कळतं, त्यांतल्या बऱ्याच जणांना हे येतं. हे टीव्ही बनवणाऱ्यांचं गाव होतं. 2018 साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलेल्या व्हिडिओकॉनचा कारखाना इथून जवळच, चितेगावला. मीटर धरणारे हात इथे नवे नाहीत. पण दुकानाला पैसे सुटतात ते मालावर. पाऊण तास शोधून बोल्ट आवळला तर पदरात चहाचे पैसे आणि वर टोमणा. अँप बदलला तर नफा रोख, आणि गिऱ्हाईकही खूश, कारण हातात खोका दिसतो. मग तो पोरगा काय शिकेल? "बदलून टाका"च शिकेल.

भाचा म्हणतो, "मामा, नोकरीवाल्याला रविवार एकच असतो, नवीन अँप परवडतो." मुद्दा खोटा नाही. पण नवा अँप त्याच सैल स्क्रूवर लटकवला तर त्याचाही तोच लाल दिवा लागतो, आणि सोललेली वायर तर कुठल्याच नव्या खोक्यात बदलून मिळत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात "काय बदलावं लागेल?" असं विचारू नका. "शोधायचे किती घ्याल?" असं विचारा, ते पैसे आधी ठरवा आणि कुठे किती व्होल्ट मिळाले ते बिलावर लिहून मागा. लिहून देणारा माणूस सापडला, तर घासाघीस न करता पैसे द्या आणि त्याचा नंबर मलाही कळवा.