आधी आमचा पगार, मग तुमचं दान

दानशूर बाया एकत्र आल्या की आपल्या वस्तीत टेम्पो येतो. टेम्पोला कापडी बॅनर, बॅनरवर जोडलेले दोन हात आणि बॅनरच्या मागं तांदूळ. त्या तांदळाला शिव्या घालायला मी हे लिहीत नाही. तो तांदूळ मी खाल्लाय. खाल्लेल्या तांदळाचा हिशेब मांडायला बसलोय.

२०२० चा मे महिना. बोरीवली पूर्वेला मागाठाण्याच्या अंगाला आमची वस्ती. लॉकडाऊन लागून दीड महिना उलटून गेलेला. ज्या गिरणीत मी रंगखात्यात होतो ती बंद, ठेकेदाराचा फोनही बंद. आई तीन घरी झाडू-फरशी-भांडी करायची. तिन्ही घरचे मिळून महिन्याला साडेसहा हजार. सोसायट्यांच्या गेटवर कामवाल्या बायांना मनाईचा कागद लागला आणि तिन्ही घरचं काम एका दिवसात तुटलं. एका घरानं पगार चालू ठेवला. हे लिहिलंच पाहिजे, कारण ते खरं आहे. दोन घरांनी नाही दिला. काम नाही तर पैसे कसले, म्हणाले. जसं काही आई स्वतः खाडा करून घरी बसली होती.

मग टेम्पो आला. आसपासच्या सोसायट्यांतल्या बायकांनी मिळून फंड जमवला होता. रस्त्यावर खडूचे गोल काढले. एकेका गोलात एकेक बाई. आधार कार्ड दाखवा, नाव सांगा, पिशवी हातात धरा, फोटो काढा. पाच किलो तांदूळ, पाच किलो आटा, दोन किलो तूरडाळ, एक लिटर तेल, मीठ, तिखट, साबण. आईला पिशवी ज्या हातानं मिळाली तो हात तिच्या ओळखीचा होता. त्या भाभीच्या घरी आईनं नऊ वर्षं भांडी घासलेली. त्याच भाभीकडं एप्रिलचे अडीच हजार थकलेले. भाभी म्हणाली, "हसा ना मावशी, फोटो येतोय." आई हसली. तो फोटो मी नंतर मोबाइलवर पाहिला. आई अशी हसलेली मी कधीच बघितली नव्हती, आणि परत बघायची नाही.

मी पिशवी परत नेऊन टाकायला निघालो होतो. वाचलेलं सगळं डोक्यात उसळत होतं, स्वाभिमान वगैरे. आई म्हणाली, "तांदळानं काय गुन्हा केला रे? आदण ठेव." मी आदण ठेवलं.

पावसाळा सरता सरता सोसायट्यांची गेटं उघडली. आई कामावर गेली आणि धीर करून विचारलं, "भाभी, एप्रिल-मेचं काय?" भाभी रागावली नाही. अगदी सरळ मनानं म्हणाली, "अरे बाई, किट दिया था ना."

मित्रांनो, या एका वाक्यासाठी मी हा कागद काळा करतोय. हिशेब करा. एका घरचे दोन महिन्यांचे पाच हजार. किट फार तर नऊशेचं. म्हणजे चार हजार शंभर रुपये भाभीचे वाचले, वर पुण्य मिळालं, फोटो मिळाला आणि आईकडून धन्यवादही मिळाला. जे आपलं देणं होतं ते दान म्हणून दिलं, तेही पाचवा हिस्सासुद्धा नाही. आणि भाभी वाईट बाई नाही. उन्हात चार तास उभी होती. तिला हे कळलंच नाही. कळलं नाही हाच तर मुद्दा आहे. पगार हा कामवाल्या बाईचा हक्क आहे असं तिला कुणी शिकवलं नाही, दया मात्र लहानपणापासून शिकवली.

कायद्यानं तरी शिकवलं का? महाराष्ट्रात २००८ साली घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. मंडळ कागदावर आलं, पण घरकामाचा किमान पगार किती हे त्या कायद्यानं ठरवलं नाही. २०२१ च्या निर्बंधांत सरकारनं नोंदणी झालेल्या घरकामगारांना पंधराशे रुपये जाहीर केले. ज्या बाईची नोंदणीच नाही तिनं काय करायचं? तिनं खडूच्या गोलात उभं राहायचं.

हे कुणा एका भाभीचं नाही. बाया एकत्र येऊन परोपकार करतात तेव्हा आपली जागा कुठं असते हे आपल्या आज्यांनी केव्हाच बघून ठेवलंय. १९३७ च्या डिसेंबरात नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन भरलं. देशभरच्या शिकल्यासवरल्या, सुखवस्तू घरच्या बाया. स्त्रियांचा उद्धार हा विषय. तिथं जाईबाई चौधरी गेल्या होत्या. लहानपणी डोक्यावर ओझी वाहिलेली बाई. पुढं शिकली आणि नागपुरात अस्पृश्य मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावानं शाळा चालवली. जेवणाची वेळ आली तशी आपल्या बायांना वेगळं बसवलं. व्यासपीठावर भगिनी आणि पंगतीत महारीण. जाईबाई आणि त्यांच्या सोबतिणी रडत बसल्या नाहीत. १ जानेवारी १९३८ ला त्यांनी आपल्या बायांची सभा घेऊन जाहीर निषेध केला. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ च्या 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकात या बायांचा इतिहास गावोगाव फिरून गोळा केलाय. आपल्यातल्या किती जणांनी तो वाचला? माझ्यासारख्या शाळा सुटलेल्यानं विहाराच्या कपाटातून काढून वाचला. डिग्रीवाल्यांनी लाज धरावी.

आपत्ती सगळ्यांवर सारखी येते असं भाषणात सांगतात. आपत्ती येत असेल, मदत सारखी येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसं मेली. देशातून, परदेशातून पैसा आला, नवी गावं उठली. त्या गावांत घरं कशी दिली? जमिनीच्या मापानं. भूमिहीन आणि अल्पभूधारक, त्याला २५० चौरस फूट. मधला शेतकरी, त्याला ४५०. मोठा जमीनदार, त्याला ७५०. म्हणजे भूकंपानं एका रात्रीत ज्यांना सारखं केलं होतं त्यांना मदतीनं पुन्हा आपापल्या पायरीवर नेऊन बसवलं. भूमिहीन कोण होते हे तुम्हाला सांगायला नको. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा तामिळनाडूत नागपट्टिणमकडं आपल्या लोकांना मदतीच्या छावण्यांतून हाकललं, पाण्याच्या टाकीजवळ येऊ दिलं नाही. समुद्रानं जात बघितली नाही. छावणीनं बघितली.

आता आपल्यातलेच काही मित्र म्हणतील, तर मग दान घ्यायचंच नाही, लाथाडायचं. मला हे पटत नाही. रिकाम्या पोटाच्या आईला स्वाभिमान शिकवणारा मी पहिला मूर्ख होतो, दुसरे होऊ नका. बाबासाहेबांनी १९१३ साली सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेतली. १९२० साली 'मूकनायक'साठी शाहू महाराजांचे अडीच हजार घेतले. पण ती शिष्यवृत्ती भीक नव्हती. तिच्यात करार होता, शिकून आल्यावर बडोद्यात नोकरी करायची. बाबासाहेब १९१७ ला बडोद्याला गेले. राहायला कुणी जागा देईना, पारशी सराईतून हाकललं, कचेरीत शिपायांनी कागद लांबून टाकले. तेव्हा महाराजांचे पैसे घेतलेत म्हणून त्यांनी तोंड मिटून घेतलं नाही. घेतलेल्या पैशाबद्दल कृतज्ञ राहणं वेगळं, आणि त्या पैशात जीभ गहाण ठेवणं वेगळं.

आणि दुसरे मित्र म्हणतील, बायका मदत करतात तर करू द्या, टीका कशाला, उद्या टेम्पो यायचा बंद होईल. त्यांच्यासाठी मी सावित्रीमाईचं उदाहरण देतो. १८७७ चा दुष्काळ. माई जुन्नरकडं ओतूरला होती. तिथून जोतिबांना पत्र लिहिलं. सत्यशोधक कार्यकर्त्यांना पोलिसांनी धरलं तेव्हा ती कलेक्टरला जाऊन भेटली, भांडली, माणसं सोडवली. म्हणजे एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातानं सरकारची कॉलर. १८९७ ला पुण्यात प्लेग आला. ससाण्यांच्या माळावर यशवंताचा दवाखाना. मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेगनं पेटलेलं पोर माईनं पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात आणलं. पोर जगलं म्हणतात. माई १० मार्चला गेली. तिनं पोराचं आधार कार्ड मागितलं नाही, फोटो मागितला नाही, खडूचा गोल काढला नाही. पाठ दिली.

आणि फक्त आपल्याच लोकांचं सांगतो असं नको. १९७२ च्या दुष्काळात आणि महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांनी महागाईविरोधी संयुक्त समिती उभी केली आणि बाया थाळ्या-लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्या पुढारी बाया आपल्या जातीच्या नव्हत्या. पण त्यांनी वस्तीत येऊन पिशव्या वाटल्या नाहीत, वस्तीला घेऊन मंत्र्याच्या दारात गेल्या. गोरेगावात मृणालताईंना लोक 'पाणीवाली बाई' म्हणायचे. टँकरवाली नाही, नळ मागणारी. त्याच दुष्काळात खडी फोडणाऱ्या लाखो हातांमुळं रोजगार हमी आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. हा माझा कस आहे. मदत करणारी बाई कुठल्या जातीची हे मी नंतर बघेन. ती मला रांगेत उभं करते, की माझ्याबरोबर रांगेत उभी राहते, हे आधी बघेन.

आमच्या वस्तीच्या मागं राष्ट्रीय उद्यान आहे आणि उद्यानात कान्हेरी. आपण बुद्ध पौर्णिमेला जातो, फोटो काढतो, येतो. एकदा भिंतीवरची अक्षरं बघा. कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांची दानं आहेत, भिक्षुणींची आहेत, घरंदाज बायांची आहेत. कुणी लेणं दिलं, कुणी पाण्याची टाकी. काहींनी अक्षयनीवी ठेवली, म्हणजे मुद्दल कायम आणि व्याजातून दर वर्षी चीवर. हे दान घेणारा संघ होता. तो मान ताठ ठेवून घ्यायचा, आणि उद्याचंही दगडावर कोरून घ्यायचा. एक दिवसाची पिशवी आणि कायमची सोय यातला फरक आपल्या पूर्वजांना दोन हजार वर्षांपूर्वी कळत होता. पण तिथंही एक गोष्ट मला टोचते. देणाऱ्याचं नाव कोरलंय. ज्यानं छिन्नी मारली त्याचं नाव शोधून द्या मला.

आता आपल्या घरात येतो, कारण बाहेरच्यांना झोडपणं सोपं आहे. त्याच लॉकडाऊनमध्ये आमच्या वस्तीतल्या बायांनी विहाराच्या ओट्यावर चूल मांडली. घराघरातून मूठ मूठ तांदूळ, कुणाची डाळ, कुणाच्या भिशीचे पैसे. वीस दिवस रोज सत्तर-ऐंशी माणसं जेवली. पाणी भरलं बायांनी, कांदा चिरला बायांनी, टोप घासले बायांनी. ही दानशूर बायांची एकजूट नाही तर काय आहे? आणि चौदा एप्रिलच्या नावानं बॅनर लागला त्याच्यावर पाच फोटो होते. पाचही पुरुष. त्यातला एक मी. चुलीजवळ मी एकूण दोनदा गेलो होतो, दोन्ही वेळेला जेवायला. आमच्या कमिटीच्या वहीवर एका बाईची सही नव्हती. १९४२ च्या जुलैत नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली हजारो बायांची परिषद भरली, बाबासाहेब स्वतः आले आणि बायांची प्रगती हाच समाजाच्या प्रगतीचा कस मानला. आणि आपण त्यांच्या हातून टोप घासून घेतले. भाभीनं आईचा पगार खाल्ला, मी आईचं नाव खाल्लं. दोघांचा जमाखर्च एकाच वहीत मांडा.

म्हणून काय करायचं ते साधं सांगतो. वस्तीत मदत आली तर नाही म्हणायचं नाही. पण फोटो नाही. यादी वस्तीतल्या बाया करतील, वाटपही त्याच करतील आणि हिशेब विहाराच्या भिंतीवर लागेल. देणाऱ्या प्रत्येक बाईला एक प्रश्न विचारायचा, तोंडावर, नम्रपणे: ताई, तुमच्या घरच्या कामवालीचा पगार दिलात का? दिला असेल तर आत या, चहा घ्या, आपल्या लढ्यातही या. नसेल तर पिशवी ठेवून आधी घरी जा. त्याचबरोबर आपल्या बायांच्या घरकामाची नोंदणी, दिवसांची वही, किमान पगाराची मागणी हे काम आपल्या शाखांनी हातात घ्यायचं. आणि आपल्या कमिटीच्या वहीवर पहिली सही बाईची.

आईनं शेवटी काय केलं ते सांगून थांबतो. तिला लिहिता येत नाही. तिनं कॅलेंडरवर कामाच्या दिवसांना काडीनं खुणा केलेल्या. ते कॅलेंडर मी वहीत उतरवलं आणि ती वही घेऊन ती पुन्हा भाभीकडं गेली, सोबत वस्तीतल्या चार बाया घेऊन. दोनातला एक महिना मिळाला. दुसऱ्या घरानं दारच उघडलं नाही. उरलेले आम्ही सोडलेले नाहीत. वही जपून ठेवलीय.

जय भीम.