संवादातील गृहीतके आणि त्यांची पडताळणी

वास्तववादी कथालेखकाची गृहीतके सर्वाधिक उघडी पडतात ती पात्रांच्या संवादांत. कथेतील घटना कल्पित असली तरी चालते. मात्र पात्राच्या तोंडची भाषा खोटी वाटली, की वाचकाचा त्या पात्रावरील विश्वास उडतो. म्हणून बोलीचा अभ्यास ही लेखकाची हौस नसून जबाबदारी आहे, असे माझे मत आहे.

दोन उदाहरणे पाहू. कोल्हापूर परिसरातील अनेक स्त्रिया स्वतःविषयी बोलताना 'मी आलो', 'मी जातो' असे म्हणतात. प्रमाण मराठीत ही रूपे पुल्लिंगी आहेत. त्यामुळे ही बोली न ऐकलेला लेखक तिथल्या नायिकेच्या तोंडी निःशंकपणे 'मी आले' घालतो. दुसरे गृहीतक असे, की 'ग्रामीण भाषा' नावाची एकच भाषा असते आणि 'पाणी'चे 'पानी' केले की पात्र खेड्यातले होते. वऱ्हाडीत 'पानी' आहेच. पण तेथे 'डोळा'चा 'डोया' आणि 'काळा'चा 'काया'ही होतो. एखादी लकब उचलून बाकीची व्यवस्था सोडून दिली, तर तयार होणारी भाषा कोणत्याच गावात बोलली जात नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) माणदेशातील, तर उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) वऱ्हाडातील. दोहोंतील संवाद शेजारी ठेवून वाचले, की हा भेद सहज ध्यानात येतो.

पडताळणी कशी करावी? ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड (१९०५) आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजने केलेले मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण येथून आरंभ करता येईल. मात्र १९०५ मधील नोंद आजच्या तरुण पात्रासाठी पुरेशी नाही. त्यासाठी माणसे ऐकावी लागतात. "तुम्ही असे म्हणता का?" असे थेट विचारू नये. त्या प्रश्नाने माणूस सावध होतो आणि प्रमाण भाषेकडे झुकतो. त्याऐवजी त्याला पेरणीची, लग्नाची, आजारपणाची हकिकत सांगू द्यावी. सासू व सून, गावात राहिलेला व शहरात शिकलेला, अशा निरनिराळ्या व्यक्तींना ऐकावे. मुख्य म्हणजे आपल्या समजुतीला दुजोरा देणारे उदाहरण सापडताच थांबू नये. तिला छेद देणारे उदाहरण मुद्दाम शोधावे.

संशोधनामुळे प्रतिभेला बेड्या पडतात, असा आक्षेप घेतला जातो. तो मला मान्य नाही. ऐकलेले सारे कथेत उतरवायचे नसतेच. वाचनाच्या सुलभतेसाठी निवड करावीच लागते. परंतु ठाऊक असून गाळणे ही निवड असते; ठाऊकच नसल्याने गाळले जाणे हे केवळ अज्ञान होय.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी बोली बोलली जाते. ती आपली असल्याने आपल्याला पूर्णपणे ठाऊक आहे, हेही एक गृहीतकच आहे. घरातील वडीलधाऱ्यांचे बोलणे एकदा शब्दशः लिहून काढा आणि स्वतःच्या बोलण्याशी ताडून पाहा. ज्या माणसांविषयी आपण लिहिणार आहोत, त्यांचा आदर राखण्याची ही पहिली पायरी आहे.