माप ज्याच्या हाती, भाव त्याच्या हाती

मालाचा भाव नुसत्या मालावर ठरत नाही, तो मापावर ठरतो. कापडाच्या तिजारतीत आम्ही हे रोज पाहतो. सूत किती काउंटचे, इंचात धागे किती, धुतल्यावर कापड किती आटते, हे ज्याला मोजता येते तो ताठ मानेने सौदा करतो. ज्याला येत नाही तो समोरच्याच्या तोंडाकडे पाहत राहतो. सोन्याच्या बाजारात २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि साध्या गिऱ्हाइकाच्या हातीही एक आकडा आला. मात्र आपल्या समाजातील असंख्य कुटुंबे ज्या भंगाराच्या धंद्यावर जगतात, त्या धंद्यात आज असा एक माल येत आहे की ज्याचे माप आपल्या लोकांकडे नाही. तो माल म्हणजे दुर्मिळ मृदा धातू, ज्यांना बाजारात रेअर अर्थ म्हणतात.

हे एकूण १७ धातू आहेत. निओडिमियम, डिस्प्रोसियम, टर्बियम अशी त्यांची नावे अवघड असली तरी वस्तू ओळखीच्या आहेत. जुन्या हार्ड डिस्कमधले चकचकीत, बोट चेमटणारे चुंबक किंवा विजेवरच्या गाडीच्या मोटारीतले चुंबक घ्या. त्यांच्या वजनात सुमारे ३० टक्के हे धातू असतात, बाकी बहुतेक लोखंड. एप्रिल २०२५ मध्ये चीनने यांपैकी ७ धातूंच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा अनेक देशांतील मोटारींचे कारखाने अडचणीत आले. आपल्या केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये भंगारातून महत्त्वाची खनिजे परत मिळवण्यासाठी १,५०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिचा एक तृतीयांश हिस्सा लहान व नव्या उद्योगांसाठी राखला आहे. आणि हाच चुंबक कुर्ला किंवा धारावीच्या गाळ्यात लोखंडाच्या ढिगात गेला, तर त्याला भाव लोखंडाचाच मिळणार.

मग मोजायचे कसे? मोठ्या प्रयोगशाळांत आयसीपी नावाचे यंत्र असते. माप चोख देते, पण किंमत लाखांच्या घरात, वर आर्गॉन वायू आणि शिकलेला माणूस लागतो. दुसरा मार्ग विद्युत-रासायनिक सेन्सरचा आहे. नाव ऐकून कोणी घाबरू नये. रंगाईच्या कारखान्यात हौदातील पाण्याचा पीएच पाहायला जी काचेची कांडी बुडवतात, ती याच जातीची. साखरेच्या रोग्याच्या घरातले रक्त तपासायचे यंत्रही याच घराण्यातले. दुर्मिळ धातूंसाठी कांडीच्या टोकाला एक पातळ पडदा बसवतात. द्रावणातील नेमके हेच धातू पकडणारे रसायन त्यात असते. धातू पकडला गेला की विजेचा दाब बदलतो आणि त्या बदलावरून प्रमाण कळते.

यातल्या अडचणीही वाचकांनी ध्यानात घ्याव्यात. पहिली, तांबे किंवा शिसे पाण्यातून विजेने कांडीवर बसवून मोजता येते. हे धातू तसे बसत नाहीत, कारण त्याआधी पाणीच फुटून हायड्रोजन निघू लागतो. म्हणून पकडणाऱ्या रसायनाचा आधार घ्यावा लागतो. दुसरी, पीएचच्या कांडीत प्रमाण १० पट बदलले की सुमारे ५९ मिलिव्होल्टचा फरक दिसतो, इथे मात्र तो सुमारे २०च दिसतो. म्हणजे वाचनात १ मिलिव्होल्टची चूक झाली तर मापात सुमारे १२ टक्क्यांची चूक. तिसरी, हे १७ धातू जुळ्या भावांसारखे एकमेकांशी मिळतेजुळते, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा मोजला जाऊ शकतो. शिवाय चुंबक विरघळवला की द्रावणात लोखंड दुप्पट, ते आधी बाजूला काढावे लागते. असे सेन्सर अजून बहुतेक प्रयोगशाळांतच आहेत. तेव्हा 'बुडवा आणि भाव घ्या' म्हणून कोणी यंत्र विकू लागला तर सावध राहावे.

काही बंधू म्हणतील की किलोवर माल विकणाऱ्याला या रसायनशास्त्राशी काय देणेघेणे? आमचे म्हणणे असे की, किलोवर विकणाऱ्यालाच याची सर्वात जास्त गरज आहे. मोठ्या कारखानदाराकडे स्वतःची प्रयोगशाळा असते. १२ टक्क्यांच्या चुकीचे माप अखेरच्या सौद्याला पुरणार नाही हे खरे. पण ढिगातला कोणता माल दुर्मिळ धातूचा आणि कोणता साधा, कोणता नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवण्याच्या लायकीचा, इतके कळले तरी हातात तराजू आला म्हणायचे.

यासाठी एकट्या दुकानदाराने खर्च करू नये. भंगार व्यापाऱ्यांच्या संघटनांनी वर्गणीतून सामाईक तपासणी केंद्र काढावे. अंजुमन-ए-इस्लामसारख्या संस्थांच्या तंत्रविद्यालयांनी अशा सेन्सरवर विद्यार्थ्यांकडून काम करून घ्यावे, म्हणजे आपल्या मुलांचे इल्म आपल्याच कारागिरांच्या कामी येईल. तोवर निदान चुंबक लोखंडातून वेगळे काढून ठेवावेत, त्याला खर्च काहीच नाही. मात्र गल्लीत ॲसिडचे पिंप मांडून धातू काढण्याच्या फंदात कोणी पडू नये. त्यात फुफ्फुसे जातात, गटार विषारी होते आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे नोंदणीशिवाय हे काम बेकायदा आहे.

कुरआन शरीफात मापात कसूर करणाऱ्यांवर एक अख्खी सूरह आहे, अल-मुतफ्फिफीन. आपण ती ऐकतो आणि नजर फक्त विकणाऱ्याच्या तराजूवर ठेवतो. पण समोरच्याला मोजता येत नाही हे ओळखून त्याचा माल मातीमोल घेणारा हातही काही स्वच्छ म्हणता येणार नाही. त्या हातापुढे तक्रार करून भागत नाही, आपला तराजू आपण आणावा लागतो. हलाल रोजीसाठी घाम गाळणाऱ्या आपल्या भंगारवाल्यांच्या संघटनांनी पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.