शब्दांचा न्याय : 'एइदोलोन' आणि 'मूर्ती'

ग्वाल्हेरच्या थाटीपुरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना भाषाशास्त्रातील एक धडा कोणत्याही शाळेत जाऊन शिकावा लागत नाही. एकच शब्द उंबरठ्याच्या आत एक अर्थ सांगतो आणि बाहेर दुसरा. घरात 'शिक्षा' म्हणजे दंड. रस्त्यावरील पाटीवर 'शिक्षा' म्हणजे विद्यादान. घरात 'चेष्टा' म्हणजे थट्टा. हिंदी वर्तमानपत्रात तीच 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न. महाराष्ट्रातून नव्याने आलेला पाहुणा 'शिक्षा विभाग' वाचून दचकतो. येथील माणूस दचकत नाही. या मासिकाच्या कोंकणी वाचकांनाही हा अनुभव नवा नाही. कोंकणीत 'उतर' म्हणजे शब्द, मराठीत 'उत्तर' म्हणजे जबाब. शब्दाचे कूळ एक असले तरी त्याचा संसार वेगळा असू शकतो, आणि अर्थ विचारावयाचा तो संसाराला, कुळाला नव्हे.

हे शहाणपण व्यवहारात आपणांपाशी भरपूर आहे. मात्र परधर्माच्या ग्रंथाविषयी वाद सुरू झाला, की ते आपण चपलांबरोबर देवळाबाहेर ठेवतो. कोणीतरी कोशातून एक ग्रीक शब्द उचलतो, त्याचा धातू काढतो, त्याच्याशी मिळताजुळता संस्कृत शब्द शेजारी ठेवतो आणि ख्रिस्ती धर्मग्रंथाचा निकाल लावून मोकळा होतो. श्रोते टाळ्या वाजवतात. या टाळ्यांनी आपलेच नुकसान होते, कसे ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

प्रथम 'शिक्षा' शब्दाचेच ग्रीक भावंड पाहू. ग्रीक भाषेत 'पाइदेइआ' असा शब्द आहे. 'पाइस' म्हणजे मूल. पाइदेइआ म्हणजे मुलाचे संगोपन, विद्या, संस्कार. अथेन्समधील विचारवंतांच्या लेखी हा मोठा गौरवाचा शब्द होता. पुढे अलेक्झांड्रियातील यहुदी पंडितांनी आपला हिब्रू ग्रंथ ग्रीक भाषेत आणला. त्यांच्या 'मुसार' या शब्दात शिकवण आणि ताडन दोन्ही होती. त्यासाठी त्यांनी पाइदेइआ वापरला आणि विद्येच्या शब्दाला छडी चिकटली. नव्या करारात याच धातूचे क्रियापद लूक दोन्ही अर्थांनी वापरतो. मोशे मिसरी लोकांच्या विद्येत तयार झाला, हे सांगताना तेच क्रियापद. पिलात येशूला फटके मारून सोडून देण्याची भाषा करतो, तेथेही तेच. लेखक एक, शब्द एक, अर्थ दोन. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातील पाइदेइआ हिंदी अनुवादात 'ताड़ना' झाली आहे. तेथे कोणी अथेन्सचा अर्थ घेऊन शाळा उघडू लागला, तर तो थाटीपुरात आलेल्या त्या पाहुण्यासारखाच ठरेल.

आता आपल्या सभांमध्ये वारंवार ऐकू येणारे उदाहरण घेऊ : ख्रिस्त म्हणजे कृष्ण. पु. ना. ओक यांनी तर ख्रिस्ती धर्माच्या इंग्रजी नावातच 'कृष्णनीती' वाचली आणि त्यावर ग्रंथ लिहिला. बंगालीत कृष्णाचा 'केष्टो' होतो हे खरे. कानाला साम्य भासते हेही खरे. परंतु 'ख्रिस्तोस' हा शब्द अनाथ नाही. त्याचे आईबाप ग्रीक भाषेत हयात आहेत. 'ख्रिओ' म्हणजे तेलाने माखणे. ख्रिस्तोस म्हणजे ज्याला तेल लावले आहे तो. यहुदी लोकांत राजाला व याजकाला पदावर बसवताना तैलाभिषेक होई. अशा अभिषिक्ताला हिब्रूत 'माशिआह' म्हणत. ख्रिस्तोस हे त्या शब्दाचे सरळ भाषांतर आहे, आणि हे सांगण्यास कोशाचीही गरज नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात ते उलगडून सांगितले आहे. ग्रंथ स्वतः आपल्या शब्दाचा अर्थ सांगत असता त्याच्या तोंडावर हात ठेवून आपला अर्थ त्यात भरणे याला संशोधन म्हणता येत नाही.

आपल्या शास्त्रकारांनी या बाबतीत कधीच संदेह ठेवलेला नाही. व्युत्पत्तीपेक्षा रूढी बलवान, हा त्यांचा न्याय आहे. चिखलात जन्मते ते 'पंकज'. म्हणून पूजेसाठी पंकज मागितले असता कोणी बेडूक आणून देत नाही. दर्भ कापून आणणारा तो 'कुशल'. म्हणून कुशल वैद्याच्या हाती आपण विळा शोधत नाही. घरी हा न्याय आणि दारी दुसरा, असे करणाऱ्याला न्यायाधीश होता येत नाही.

कोणी विचारील : परधर्माच्या शब्दांची एवढी वकिली कशासाठी? त्याचे उत्तर आपल्या देवळाच्या गाभाऱ्यात आहे. आपलाही एक खटला प्रलंबित आहे, आणि तो एका ग्रीक शब्दावरूनच आहे. तो शब्द 'एइदोलोन'.

'एइदोस' म्हणजे रूप. त्यापासून झालेला एइदोलोन म्हणजे नुसता आकार, पाण्यातील प्रतिबिंब, आभास. होमरच्या काव्यात मृतांच्या निर्जीव छायांना हा शब्द लागतो. ग्रीक भक्त आपल्या देवळातील प्रतिमेला सहसा एइदोलोन म्हणत नसे. त्याचा आदराचा शब्द होता 'आगाल्मा', म्हणजे देवाला आनंद देणारी शोभिवंत वस्तू. परंतु अलेक्झांड्रियातील त्याच पंडितांनी परक्या देवांच्या प्रतिमांसाठी आभासवाचक एइदोलोन निवडला. निवड हेतुपूर्वक होती. 'तुमचे देव म्हणजे पोकळ छाया' हे मत त्यांनी एका शब्दात कोंबले. नव्या करारात तोच शब्द उतरला. आगाल्मा त्यात एकदाही आलेला नाही. म्हणजे भक्ताचा शब्द नाहीसा झाला आणि विरोधकाचा शब्द राहिला.

हा शब्द लॅटिनमधून पोर्तुगीज भाषेत 'इदोलु' होऊन गोव्यात आला. त्याचे पुढे काय झाले, ते या मासिकाच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. १५६७ साली साष्टीतील देवळे पाडली गेली. त्या धामधुमीच्या काळात महालसा वेर्णे सोडून म्हार्दोळास आली, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली, मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आला. त्या काळच्या पोर्तुगीज फर्मानांत आपली दैवते 'इदोलु' आहेत. तलवार धरणारा हात सैनिकाचा असेल. त्याला धीर देणारा शब्द मात्र अलेक्झांड्रियात घडला होता. त्याच साष्टीत, राचोल येथे, १६१६ साली थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचे ख्रिस्तपुराण छापले गेले. त्याने मराठी ओवी घेतली, स्वर्गासाठी आपला 'वैकुंठ' शब्द घेतला आणि सन्मानाने वापरला. शब्द उसने घेता येतात, त्यांचा मानही राखता येतो, याचा हा पुरावा.

मराठी अनुवादांत मात्र एइदोलोनच्या जागी 'मूर्ती' बसली, आणि ती आजही तेथे आहे. आमची तक्रार येथे आहे. 'मूर्ती' हा विरोधकाचा शब्द नव्हे. तो भक्ताचा आहे. आभास हा त्याचा अर्थ नाही. निराकाराने धारण केलेली घनता हा आहे. आवाहनाने जिच्यात देव येतो आणि विसर्जनाने जिच्यातून जातो, ती मूर्ती. भाद्रपदातील पार्थिव गणपती प्राणप्रतिष्ठेपूर्वी माती असतो आणि विसर्जनानंतर पुन्हा माती होतो, हे घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. मातीलाच देव समजणारा भक्त आपण पाहिलेला नाही. अशा आगाल्माच्या तोलाच्या शब्दावर एइदोलोनचा कलंक लादणे हे भाषांतर नव्हे, शब्दाची बदनामी आहे.

याहून चमत्कारिक गोष्ट पुढे आहे. नव्या करारात 'एइकोन' असा दुसराही शब्द आहे. अदृश्य देवाचे दृश्य रूप, या अर्थाने पौलाच्या नावावरील कलस्सैकरांस पत्रात तो ख्रिस्ताला लावला आहे. निराकाराचे साकार दर्शन हाच तर मूर्ती शब्दाचा गाभा! पण तेथे मराठीत आणि हिंदीतही 'प्रतिरूप' आले. जेथे आपला शब्द शोभला असता तेथे तो घेतला नाही. जेथे तो अपमानित होणार तेथे घेतला. पुढे ख्रिस्ती लोकांतच प्रतिमांवरून शतकभर भांडण झाले आणि ७८७ साली नायकेआच्या धर्मसभेने निर्णय दिला, की प्रतिमेला केलेले वंदन मूळ पुरुषास पोहोचते. उपासना मात्र देवाचीच. आपल्या चित्राला त्यांनी एइकोन म्हटले आणि इतरांच्या प्रतिमेला एइदोलोन. वस्तूत फरक थोडा. फरक 'आमचे' आणि 'तुमचे' यांत.

अनुवादकाची बाजूही ऐकली पाहिजे. तो म्हणेल : मूळ लेखकाच्या मनात तिरस्कारच होता आणि त्याच्या दृष्टीने तुमच्या मूर्तीही त्यातच येतात, मी तो तिरस्कार लपवू कसा? हे म्हणणे प्रामाणिक आहे. आपल्या संतांनीही दगडाच्या देवावर कोरडे ओढले आहेत. टीकेला आपण भीत नाही. परंतु तिरस्कार सांगावयाचा तर तिरस्काराचा शब्द घडवावा : 'आभासदेव' म्हणावे, 'मिथ्यादेव' म्हणावे. म्हणजे ते मत लेखकाचे आहे हे वाचकास कळेल. 'मूर्ती' म्हटल्याने मत दिसेनासे होते आणि ते वस्तुस्थिती म्हणून मनात शिरते.

शब्द तसाच ठेवण्याची सोयही होतीच. 'बाप्तिस्मा' पाहा. ग्रीक क्रियापद 'बाप्तिझो' म्हणजे बुडवणे; हात धुण्याच्या प्रसंगीही ते येते. त्याचा अनुवाद केला तर पाणी शिंपडणारे आणि पाण्यात बुडवणारे पंथ एकमेकांशी भांडतील, म्हणून मराठीत तो शब्द जशाचा तसा राहिला. बंगालीत तर, विल्यम केरीच्या पंथाच्या मंडळींनी त्याचा अर्थ 'बुडवणे' असा दिला म्हणून लंडनच्या बायबल सोसायटीने १८३० च्या दशकात त्या अनुवादास पैसे देणे नाकारले. स्वतःच्या संस्काराला धक्का लागतो तेव्हा एका शब्दाचे मोल किती असते, हे ख्रिस्ती मंडळींना उत्तम ठाऊक आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून, केडगावच्या मुक्ती सदनात १९२२ मध्ये देह ठेवीपर्यंत मराठी बायबलावर श्रम केले. अनुवादातील प्रत्येक शब्दाला जबाबदारी असते, हे त्या जाणत होत्या. हीच जागरूकता आमच्या एका शब्दापुरती आम्ही मागतो.

मात्र मागणाऱ्याचे हात स्वच्छ हवेत. ख्रिस्तोसला कृष्ण करणाऱ्याने एइदोलोनबद्दल तक्रार केली, तर समोरचा हसेल, आणि त्याचे हसणे योग्य ठरेल. दुसरे, आपल्या देवस्थानांच्या इंग्रजी पत्रकांत 'आयडॉल' हा शब्द आपणच छापतो. प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली हिंदू दैवताला कायद्याने व्यक्ती मानले, ते याच शब्दाने. न्यायालयाने शतकापूर्वी सन्मान दिला तोही तिरस्काराच्या शब्दातून, आणि आपण तो शब्द आजवर बदलला नाही. 'योग' आणि 'अवतार' इंग्रजीत जसेच्या तसे नांदू शकतात, तर 'मूर्ती' का नांदू नये?

तेव्हा देवस्थान समित्यांना आमचे सांगणे एवढेच : पुढील उत्सवाचे इंग्रजी पत्रक छापावयास देण्यापूर्वी 'आयडॉल' खोडून 'मूर्ती' लिहा, आणि व्याख्यात्याला बोलावण्यापूर्वी विचारा, की परक्याच्या ग्रंथातील शब्दाचा अर्थ आपण त्या ग्रंथाला विचारून सांगणार आहात, की घरून बांधून आणणार आहात.