मालकाचे दिवाळे आणि मातीचे धरण

मातीच्या धरणाची मालकी खाजगी भांडवलाकडे असावी काय, हा प्रश्न महाराष्ट्रात आजवर गांभीर्याने विचारला गेला नाही. तसे कारणही नव्हते. लोणावळा, वळवण, शिरवता, ठोकरवाडी आणि मुळशी ही टाटांची धरणे सोडली तर येथील मोठी धरणे बहुतांशी सरकारी आहेत, आणि टाटांची ती धरणे मुख्यतः दगडी बांधकामाची आहेत. परंतु ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य शासनाने टाटा पॉवर कंपनीशी शिरवता व भिवपुरी येथील एकूण २,८०० मेगावॉटच्या उदंचन जलविद्युत प्रकल्पांचा करार केला, आणि तत्पूर्वी जूनमध्ये टोरंट या खाजगी कंपनीशीही अशाच प्रकल्पांसाठी करार झाला. उदंचन म्हणजे विजेची मागणी कमी असताना पाणी खालच्या तलावातून वरच्या तलावात चढवायचे, आणि मागणी वाढली की ते खाली सोडून वीज करायची. त्यासाठी सह्याद्रीत नवे जलाशय लागणार आहेत, आणि त्यांच्या बांधांचे मालक खाजगी असणार आहेत.

सोलापूरला याच्याशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. लोणावळ्याच्या माथ्यावरचे पाणी इंद्रायणीतून भीमेला आणि भीमेतून उजनीला येते, एवढे उत्तर भूगोलापुरते पुरे आहे. परंतु सोलापूरकरांचा अधिकार भूगोलापेक्षा मोठा आहे. मातीचे धरण उशाशी घेऊन जगणे म्हणजे काय, आणि नफा आटल्यावर मालक काय करतो, या दोन्ही गोष्टी या शहराने पाहिलेल्या आहेत.

आदिला नदीवरचा एकरूख तलाव, लोक ज्याला हिप्परग्याचा तलाव म्हणतात, १८७१ साली पूर्ण झाला. सुमारे दोन किलोमीटर लांबीचा आणि वीस मीटरांहून अधिक उंचीचा हा मातीचा बांध आज दीडशे वर्षांनंतरही उभा आहे, याचे श्रेय केवळ बांधणाऱ्यांना देऊन चालणार नाही. मातीचे धरण एकदा बांधून संपत नाही. त्याच्या पोटातून थोडा पाझर नेहमीच होत असतो. तो स्वच्छ आहे की गढूळ, हे कोणीतरी रोज पाहावे लागते, कारण गढूळ पाझर म्हणजे धरणाची माती आतून वाहून चालली आहे. उंदीर-घुशींची बिळे बुजवावी लागतात, बांधावर उगवलेली झाडे मुळे खोल जाण्याआधी काढावी लागतात. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, त्या भेगा पावसाआधी भराव्या लागतात. दगडी धरणावरून पाणी गेले तर ते बहुधा तरते. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी वाहू लागले की काही तासांत खेळ आटोपतो. म्हणून सांडवा मोकळा आणि पुरेसा असणे हा त्याचा प्राण. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने माढा, मोहोळ आणि उत्तर सोलापूर तालुक्यांतील गावे पाण्याखाली घातली. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातही सांडव्याचा हिशेब जुन्या पावसाच्या आकड्यांवर मांडता येत नाही, एवढे त्यावरून दिसले.

यातले एकही काम नफा देणारे नाही. बिळे बुजवून विजेचे एक युनिटही वाढत नाही. जमाखर्चाच्या वहीत हा निव्वळ खर्च आहे आणि तो टाळल्याचे परिणाम कित्येक वर्षे दिसत नाहीत. ज्या खर्चाचा लाभ दुसऱ्याला आणि ज्या बचतीचा लाभ स्वतःला, तो खर्च मालक मनापासून करील, असे अर्थशास्त्राचे कोणतेही पाठ्यपुस्तक सांगत नाही.

मालक म्हणजे काय हे सोलापूरला ऑगस्ट १९४९ मध्ये समजले. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, १८७७ सालची आणि म्हणून 'जुनी गिरणी', चालकांच्या गैरकारभारामुळे बंद पडली आणि हजारो कामगार रस्त्यावर आले. केंद्र शासनाने १९५० मध्ये वटहुकूम आणि मग खास कायदा करून गिरणीचा कारभार हाती घेतला. तेव्हा एक भागधारक न्यायालयात गेला. आधी कायदा टिकला. पण डिसेंबर १९५३ मध्ये दुसऱ्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने, हे भरपाईविना मालमत्ता काढून घेणे आहे असे म्हणून तो रद्द ठरवला. अशा निर्णयांमुळेच १९५५ साली चौथी घटनादुरुस्ती करावी लागली. शासनाने एक बंद गिरणी चालवायला घेतली तर घटनेपर्यंत जावे लागते! उद्या एखाद्या कंपनीने बांधाकडे पाठ फिरवली, तर पावसाळा तोंडावर असताना तो ताब्यात घेण्यास शासनाला किती वर्षे लागतील? गिरणीला कुलूप लावून मालक निघून जाऊ शकतो. धरणातले पाणी कुलपाला जुमानत नाही.

ही कल्पनेतली भीती नव्हे. अमेरिकेतील जॉन्सटाउनच्या वर साउथ फोर्कचे मातीचे धरण मुळात पेनसिल्व्हेनिया राज्याने कालव्यासाठी बांधले होते. कालवा निरुपयोगी झाला, धरण विकले गेले आणि हात बदलत धनिकांच्या एका शिकारी व मासेमारी क्लबाकडे आले. पाणी सोडण्याचे लोखंडी नळ आधीच्या मालकाने भंगारात काढले होते, ते क्लबाने पुन्हा बसवले नाहीत. बग्गी जावी म्हणून माथा उतरवला. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यात जाळ्या घातल्या. ३१ मे १८८९ रोजी धरण फुटले आणि २,२०९ माणसे मेली. कार्नेगी आणि फ्रिक यांच्यासारखे कोट्यधीश त्या क्लबाचे सभासद होते, तरी न्यायालयांत कोणावरही दायित्व आले नाही.

ती जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावी, तर २०२० पाहावे. मिशिगन राज्यातील एडनव्हिल हे खाजगी मातीचे धरण मोठा पूर पेलू शकत नाही, म्हणून केंद्रीय नियामकाने २०१८ मध्ये मालक कंपनीचा वीज-परवाना रद्द केला. परवाना गेला, धरण आणि पाणी जागच्या जागी राहिले. १९ मे २०२० रोजी ते फुटले, सुमारे दहा हजार लोकांना घरे सोडावी लागली, आणि काही आठवड्यांतच कंपनीने दिवाळे जाहीर केले. मर्यादित दायित्वाची कंपनी या संस्थेचा अर्थच हा, की तोट्याला मर्यादा आहे. ती मर्यादा धरणाखालच्या गावाला लागू नाही.

सरकारी धरणे फुटत नाहीत काय, असा प्रतिप्रश्न येईल. फुटतात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, आणि २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून वीसएक माणसे प्राणास मुकली. तिवऱ्याच्या गावकऱ्यांनी गळतीच्या तक्रारी आधीच केल्या होत्या. त्यावर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांवर दोष ठेवला. त्या उद्गाराची महाराष्ट्रभर जी छी-थू झाली ती योग्यच होती. पण ती होऊ शकली, हेही ध्यानात घ्यावे. मंत्र्याला विधानसभेत उभे करता येते, माहितीच्या अधिकाराखाली कागद मागता येतो. सरकारी ढिलाईवर उपाय म्हणून धरण कंपनीच्या हवाली करणे म्हणजे चौकीदार झोपतो म्हणून चौकी विकून टाकणे होय.

कायदा आहे, असेही सांगितले जाईल. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा खाजगी मालकांनाही लागू आहे, ही त्याची जमेची बाजू. परंतु पावसाळ्याआधीची व नंतरची तपासणी करायची मालकाच्याच सुरक्षा-कक्षाने. कायद्याचे पालन न केल्याने जीवितहानी झाली, तर शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षे. बुडालेल्यांना भरपाई कोणी व किती द्यायची, याबद्दल कायदा मौन धरून आहे. मालकाने पैसे दिलेल्या प्रमाणपत्राची किंमत जगाने ब्राझीलमध्ये मोजली आहे: ब्रुमादिन्योच्या खाणीचा बांध सुरक्षित असल्याचे प्रमाणपत्र सप्टेंबर २०१८ मध्ये मिळाले आणि २५ जानेवारी २०१९ रोजी तो कोसळून २७० जणांचे बळी गेले.

उदंचन प्रकल्पांच्या बाबतीत तर आणखी एक धोका आहे. मातीच्या बांधातील पाणी झपाट्याने उतरवले की बांधाच्या आतल्या उतारात मुरलेले पाणी तितक्या वेगाने बाहेर पडत नाही, आणि तो उतार ढासळू शकतो. सिंचनाच्या तलावात पाणी महिनोन्‌महिने हळूहळू उतरते. येथे ते दररोज चढणार आणि उतरणार आहे. मातीचा किंवा दगड-मातीचा बांध असेल तेथे आराखड्यातच याची तरतूद हवी, आणि ती झाली की नाही हे पाहणारा माणूस कंपनीचा पगारी असता कामा नये.

म्हणून सोलापूर व पुणे जिल्ह्यांतील लोकप्रतिनिधींनी या करारांवर सही-शिक्क्यांचा समारंभ पाहत बसण्याऐवजी काही अटी आताच मांडाव्यात. तपासणी राज्याच्या नाशिक येथील धरण सुरक्षितता संघटनेने करावी. खर्च कंपनीने शासनाच्या खात्यात भरावा, तपासनिसाच्या हातात नव्हे. पाणी भरण्यापूर्वी कंपनीने एवढी अनामत ठेवावी, की तिचे दिवाळे निघाले तरी बांधाची दुरुस्ती करता येईल किंवा तलाव सुरक्षितपणे रिकामा करता येईल. कंपनीने कर्तव्यात कसूर केली, तर न्यायालयीन लढाईची वाट न पाहता बांध तात्काळ ताब्यात घेण्याचा शासनाचा हक्क करारातच लिहावा. आणि प्रत्येक तपासणीचा अहवाल, पाझराच्या मोजणीसह, मराठीत, पावसाळ्याच्या आधी धरणाखालच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत लावला जावा.