सह्या झाल्या, माणसांना विचारलं का?

विजयदुर्गावर गेलात की गाईड आंग्र्यांचं आरमार आणि १७५६ ची लढाई रंगवून सांगतो. लढाईनंतरच्या कागदाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाईव्ह यांनी तुळाजी आंग्र्यांकडून किल्ला घेतला. आदल्या वर्षीच्या करारानुसार तो पेशव्यांना मिळायचा होता, पण इंग्रज महिनोन्महिने तिथून हलेनात. शेवटी १२ ऑक्टोबर १७५६ च्या पुण्याच्या तहाने विजयदुर्ग पेशव्यांकडे आला आणि बाणकोट इंग्रजांकडे गेलं. दोन्ही बंदरांतल्या नाखव्यांना, खलाशांना कुणी विचारलं नाही. राजेरजवाड्यांच्या काळात तशी रीतच नव्हती, हे मान्य. पण पुढे संसदा आल्या, तेव्हा तरी काय झालं?

१९ डिसेंबर १९८४ ला ब्रिटन आणि चीनने हाँगकाँगच्या करारावर सह्या केल्या. १९९७ मध्ये हाँगकाँग चीनकडे जाईल आणि तिथली जीवनपद्धती ५० वर्षं तशीच राहील, असं ठरलं. एप्रिल १९८५ मध्ये नॅशनल पीपल्स काँग्रेसने, म्हणजे चीनच्या संसदेने, त्याला रीतसर मंजुरी दिली. हाँगकाँगच्या लोकांचं मत 'जाणून घेतलं' गेलं खरं, पण करार आहे तसा घ्या नाहीतर करारच नाही, एवढीच मुभा होती. २०१७ मध्ये चीनच्या परराष्ट्र खात्याचा प्रवक्ता म्हणाला की हा आता निव्वळ ऐतिहासिक दस्तऐवज आहे. २०२० मध्ये त्याच संसदेच्या स्थायी समितीने हाँगकाँगचं विधिमंडळ बाजूला ठेवून तिथे राष्ट्रीय सुरक्षा कायदा लादला. ज्या सभागृहात नाही म्हणायची सोयच नाही, त्याच्या होकाराची किंमत ही.

म्हणून मंजुरी म्हणजे नुसता उपचार, असं मात्र समजू नका. आपल्याकडे १९६० मध्ये बेरुबारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की देशाचा भूभाग दुसऱ्याला द्यायचा तर पंतप्रधानांची सही पुरत नाही, घटनादुरुस्ती लागते. हे कलम आपलं मोठं संरक्षण आहे. पण १९७४ चा भारत-बांगलादेश सीमा करार बांगलादेशने त्याच वर्षी मंजूर केला आणि आपल्या संसदेने थेट २०१५ मध्ये. मधली ४१ वर्षं सीमेवरच्या छिटमहलांतली माणसं, हिंदू आणि मोठ्या संख्येने मुस्लिमही, मतदान आणि रेशनकार्डाशिवाय जगली. मुलाला शाळेत घालायचं तर दुसऱ्याच कुणाला तरी बाप दाखवावा लागे.

'बांगलादेशी' हा शब्द आपल्याकडे किती सहज तोंडावर फेकला जातो, ते तुम्हाला सांगायला नको. त्या छिटमहलांतले सुमारे १४ हजार लोक १ ऑगस्ट २०१५ पासून भारताचे नागरिक झाले, तेही दोन्ही सभागृहांनी विरोधात एकही मत न पडता केलेल्या घटनादुरुस्तीने. आणि या वेळी प्रत्येक कुटुंबाला विचारलं गेलं होतं, कुठल्या देशात राहायचं? बहुतेकांनी आपलं घर, आपलं शेत होतं तिथेच राहणं पसंत केलं.