खेळायचे कुठे?

सुटीत मुलांना कुठे न्यावे, असे कुणी विचारले की आम्ही जुन्नर-आंबेगावकर शिवनेरीकडे बोट दाखवतो. सात दरवाजे, शिवाईदेवी, १६३० सालचे शिवजन्मस्थान. मुले दमतात, हरखतात. पण ती वर्षातली एक सहल! रोजच्या खेळाचे काय? धरणांच्या पाण्याने ऊस वाढला, उसात बिबट्या विसावला. त्याची बाहेर पडण्याची आणि पोरांची विटीदांडूची वेळ एकच, दिवेलागणीची. शिवाय खाली वाकलेले मूल त्याला सावजासारखे दिसते. बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र झाले, चांगलेच झाले. पोरांचे पटांगण कधी राखणार? माझ्या मते प्रत्येक वाडीत शाळेच्या पटांगणालगतचा ऊस मागे हटवावा, कुंपण घालावे, दिवे लावावेत. शेतकऱ्याच्या चार सऱ्या जातील, हे खरे. त्याची भरपाई ग्रामपंचायतीने द्यावी.